झोळाईचं तळं आणि मगदूम सर

मी मगदूम सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चिखल चाखत होते. सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि खडू मागायला म्हणून तळमजल्यावरच्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकावले. टेबलावर उभा चिरलेला एक प्लॅस्टिकचा पाइप, त्यात करडा ओलसर गाळ, आणि त्यातली चिमूट पुढच्या दातांत धरून एक किडकिडीत माणूस डोळे मिटून उभा. मी दारातच थबकले. त्यांनी डोळे उघडले, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "दातांखाली करकरलं तर रेती. लोण्यासारखं पसरलं तर चिकणमाती. यंत्र आहे ओ ह्याच्यासाठी, पण ते पुण्याला आहे. दात इथंच आहेत. घ्या की, बघा तुम्ही पण." मी म्हटलं, "नको सर, मी डबा आणलाय." त्यावर ते इतके हसले की खडूचा अख्खा खोकाच माझ्या हातात दिला.

मी कडेगावची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात सगळ्यांचाच आवाज मोठा. कुणी काही बोललं की उलट बोलल्याशिवाय मला राहवत नाही, आणि कॉलेजात पहिल्या वर्षातच मी निम्म्या स्टाफशी भांडून बसले होते. मगदूम सरांशी मात्र भांडताच यायचं नाही. आपण आवाज चढवला की ते मान तिरकी करून ऐकत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "झालं? आता चहा घेऊया." मग काय डोंबल भांडणार?

त्यांना माझी गरज होती ती परागकणांसाठी. डोंगरावरच्या तळ्यात दर पावसाळ्यात बारीक गाळ येऊन बसतो. त्या गाळाबरोबर आसपासच्या झाडांचे पराग बसतात, जळलेल्या रानाची राख बसते, वाऱ्यावर आलेली धूळ बसते. थरावर थर. कुणी ढवळलं नाही तर सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. तळाशी पाइप ठोकून त्यात भरलेला गाळाचा दांडा सबंध वर काढला, की त्या डोंगराची हजारो वर्षं हातात येतात. सर गाळ वाचायचे आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली पराग. इथं दाट रान होतं, इथं ते जाळून शेती केली, इथं लागोपाठ कोरडी वर्षं गेली, असं आम्ही दोघं मिळून जुळवत बसायचो. एका थरावर माझे चार-चार दिवस जायचे आणि मी वैतागायचे. सर म्हणायचे, "घाई कशाला ओ बाई? तळ्याला काय एस. टी. पकडायचीय?"

ते नदीकाठचे. सांगलीजवळच्या एका खेड्यातलं जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ ऊस बघायचा, हे शिकले. पूर येऊन ओसरला की आई घर धुवायला घ्यायची आणि हा मुलगा कोनाड्यातला गाळ चमच्याने खरवडून उन्हात धरून बघत बसायचा. "आई म्हणायची, ह्याला पुराचं दुःखच नाही. खरंच नव्हतं ओ. मला वाटायचं, नदीनं घरी आणून दिलंय तर बघायला नको?" सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, कांदा-बटाटा चालायचा नाही, त्यामुळे दौऱ्यावर माझ्या डब्यातली भाजी मलाच संपवावी लागायची. घरी फ्रिजचे दोन खालचे कप्पे गाळाच्या दांड्यांनी भरलेले, कारण कॉलेजातली वीज कधी जाईल याचा नेम नाही. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्यात दह्याला जागा नाही, चिखलाला आहे." आणि तरी बाहेरचा पाहुणा फ्रिज उघडायला गेला तर धावत जाऊन त्याच त्या दांड्यांवर ओला पंचा नीट करायच्या.

या सगळ्या दांड्यांत सरांचा जीव होता तो झोळाईच्या तळ्यात. सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर, पठारावर हे तळं आहे. गाडी एका टप्प्यापर्यंत जाते, पुढे चालायचं. काठाला झोळाईचं छोटं देऊळ आणि धनगरांची वाडी, तिलाही झोळाईची वाडीच म्हणतात. तळ्याला ना ओढा येऊन मिळतो, ना कुणी बांध घातलेला. नुसतं पावसाचं पाणी. आणि आजूबाजूचे झरे शिमग्यापर्यंत आटले तरी या तळ्यात वैशाखातही म्हशी डुंबत असायच्या. वाडी तिथं वसली ती या पाण्यापायीच.

आम्ही ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांवर फळ्या बांधून त्या तराफ्यावरून पहिल्यांदा पाइप ठोकला तेव्हा काठावर सोनाबाई म्हसरं घेऊन बसली होती. साठीची, काटक, कपाळाला आडवं कुंकू. बराच वेळ तिने बघून घेतलं आणि मग ओरडून विचारलं, "आवं, ह्यो माणूस आमच्या तळ्याच्या पोटात काय खुपसतोय?" सर काठाला आले, पाइप उघडला आणि तिच्या पुढ्यात गाळाचा तो लांब, गुळगुळीत दांडा ठेवला. ती म्हणाली, "काकडीच की ही!" त्या दिवसापासून वाडीत ते सरांचं काकडी काढणं झालं. सरांनी तिला बोट ठेवून दाखवलं, हे वरचं टोक म्हणजे तू आणि मी, आणि हे खालचं टोक बसलं तेव्हा इथं वाडी नव्हती, देऊळ नव्हतं, माणूसच नसेल कदाचित. तिने विचारलं, "तवा पानी व्हतं का?" सर म्हणाले, "होतं." "झालं तर मग," म्हणून ती उठून म्हशींमागे गेली. सर हे पुढे प्रत्येकाला सांगायचे. म्हणायचे, "आम्ही शंभर प्रश्न विचारायलोय, तिनं एकच विचारला."

वाडीतला दुसरा माणूस बाजीराव. हवालदार होऊन फौजेतून परत आलेला, तराफ्याचे दोर धरायला नेहमी पुढे, आणि आम्हाला हिंदीतून हुकूम सोडणारा. "साब, बॅलन्स बराबर रखो!" माझ्याशी त्याचं जमायचं, वडिलांमुळे फौजेची बोली मला सवयीची. सरांवर त्याची भक्तीच होती. वाडीत कुणाच्या पोराची शाळा असो, कुणाचं दुखणं असो, बाजीराव म्हणायचा, "थांबा, सरांना फोन लावतो." आणि सर खरोखर सांगलीतून डॉक्टर गाठून द्यायचे.

आता ज्या गोष्टीपायी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

एका वर्षी म्हसवडच्या बाजूला, माण तालुक्यातल्या एका गावाने गाळ काढायची मोहीम धरली होती. तिथला तलाव बांध घालून केलेला, भोवतालच्या शेतांतली माती वाहून येऊन निम्मा भरलेला. तो गाळ काढून परत शेतात टाकायचा. चांगलंच काम. सरांना भाषणाला बोलावलं आणि ते आनंदाने गेले, मीही सोबत होते. सर खरं म्हणजे वक्ते नव्हते. वर्गात खाली मान घालून पुटपुटायचे. पण त्या दिवशी समोर बायाबापड्या घमेली घेऊन बसलेल्या, तिकडचं ऊन, कोरडा पडलेला तलाव, आणि सरांना काय झालं कोण जाणे, ते फुललेच. "गाळ म्हणजे तळ्याला झालेलं अजीर्ण ओ!" म्हणाले. माणसं हसली. सरांना ते हसणं चढलं. हात वर करून म्हणाले, "तळं कुठलंही असू दे, पोट साफ करा, पाणी आपोआप राहतंय का नाही बघा!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. परत येताना गाडीत ते लहान मुलासारखे खूश होते. तलावाचं म्हणाल तर तिथं खरंच पाणी वाढलं, गाव आजही सरांचं नाव काढतं.

त्या गर्दीत बाजीराव होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याची लेक त्या गावात दिलेली. त्याने मोबाईलवर सबंध भाषण उतरवून घेतलं आणि वाडीवर नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही झोळाईला निघालो. तळ्याच्या पूर्वेच्या अंगाला सगळ्यात खोल भाग होता, तिथला दांडा अजून काढायचा राहिला होता. तिथं सगळ्यात जुना गाळ असणार, म्हणून सरांनी ती जागा वर्षानुवर्षं राखून ठेवली होती. चांगलं यंत्र मिळेल, चांगली प्रयोगशाळा मिळेल, मग काढू, असं म्हणत. गाडी जिथं थांबते तिथं पोचलो तर दोन बांबूंना बॅनर बांधलेला. त्यावर सरांचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. खाली मोठ्या अक्षरात, "मा. मगदूम सर यांच्या प्रेरणेने झोळाई तलाव गाळमुक्ती." मी हसायला लागले होते. सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं तिथंच राहिलं. ते पळत सुटले. त्या वयात, त्या चढावर, मी मागून ओरडत, "सर, अहो सर, छातीला त्रास होईल!"

वर जेसीबी चालू होता. गुलालाने माखलेला, पुढच्या दातांना हार बांधलेला. साताऱ्याला एमआयडीसीत कामाला असलेल्या वाडीच्या पोरांनी वर्गणी काढून तो आणला होता. वाटेवर, बांधावर, नाचणीच्या वावरांत जिकडेतिकडे निळसर करड्या मातीचे ढीग. पूर्वेचा अख्खा खोलगा उपसलेला. आणि त्याच्या तळाशी, एका कोपऱ्यात, लालभडक जांभा दगड उघडा पडलेला दिसत होता. बाजीराव नारळ घेऊन सामोरा आला. "या सर! तुमास्नी उद्या बोलवनार व्हतो. पूजेला. समदं तुमच्याच शब्दावर केलंय बगा."

सर काठावर बसले. मी बाजीरावला ओरडून मशीन बंद करायला लावलं. सर हळू आवाजात म्हणाले, "बाजीराव, हे म्हसवडचं तळं नव्हं रे. हा जांभा चाळणीसारखा असतो. ती निळी माती बसलीय म्हणून पाणी थांबतंय. ती माती म्हणजेच तळं." बाजीराव गोंधळला. मग खिशातून मोबाईल काढला आणि लावला. पठारावर त्या भर दुपारी सरांचाच आवाज आला, तळं कुठलंही असू दे, पोट साफ करा. आणि टाळ्या. बाजीरावच्या मनात दाखवून द्यायचं असं काही नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं. "ह्ये तुमीच म्हणाला व्हता न्हवं, सर?"

"मीच म्हणालो," सर म्हणाले.

पश्चिमेच्या अंगाला तळ्यात अजून पाणी होतं. पूर्वेचं पाणी पंपाने तिकडे काढून, मधे उंचवटा ठेवून पोरांनी ते अडवलं होतं. दुसऱ्या दिवशी उंचवटा एका जागी खचला, पाणी त्या खोलग्यात उतरलं, आणि बघता बघता जांभ्यात शिरलं. वाडी काठाला उभी राहून बघत होती. चार दिवसांनी कळलं, डोंगराखालच्या एका गावात ऐन उन्हाळ्यात झरा फुटला म्हणून तिथल्या लोकांनी पेढे वाटले.

मग देवळापुढे सगळी वाडी जमली. सरांना मधे बसवलं. कुणी रागावलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. सगळे सरांकडे आशेने बघत होते. हा माणूस आपल्या तळ्याच्या पोटातलं सगळं जाणतो, हा काढेल काहीतरी वाट. सोनाबाई पुढे सरकली आणि तिने विचारलं, "सर, ती माती परत कवा बसंल? कवा धरंल पानी?"

या प्रश्नाचं उत्तर साऱ्या महाराष्ट्रात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. पश्चिमेच्या दांड्यावरून आम्हीच ते काढलं होतं. नखाएवढा थर बसायला माणसाचं आयुष्य जातं. मी सरांच्या कानाशी लागले, "थोडी वर्षं लागतील म्हणा. निदान आज तरी." खोटं बोलायला लावत होते, आणि मला त्याची आजही लाज नाही. त्या म्हातारीचं तोंड बघवत नव्हतं.

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सोनाबाई, माणसाच्या हिशेबात नाही बसायची. हजारो वर्षं लागली होती तिला. तुझ्या नातवाच्या नातवालाही ती बसलेली दिसायची नाही."

एक तान्हं मूल रडत होतं, त्याला आईने पदराखाली घेतलं. मग बाजीराव म्हणाला, "जाऊ द्या सर. तुमचा काय दोष न्हाई. आमीच आडानी. इचारायला पायजे व्हतं." आणि लगेच चारी बाजूंनी सुरू झालं, सरांचा काय दोष, सरांनी चांगल्यासाठीच सांगितलं व्हतं, नशिबातच न्हवतं. सर एकेका तोंडाकडे बघत होते. मी त्यांना इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पावसाळ्याआधीचे जे दिवस हाती होते, त्यांत सर वाडीत घरोघर फिरले. उपसलेली निळी माती लोकांनी वावरांत पसरली होती, ती ते परत मागत होते. दिलेलं खत परत मागायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. काहींनी तोंडं वाकडी केली. एकाने सरळ सांगितलं, पानी बी गेलं, आता मातीबी न्हेताय व्हय? सर हात जोडून उभे. मला म्हणाले, "आमच्यात पाणी गाळून घेतलं की फडकं उलटं करून त्याच पाण्यात झाडायचं असतंय. त्यातला जीव ज्या पाण्यातला त्या पाण्यात गेला पाहिजे. आईनं कधी चुकू दिलं नाही. मी अख्खं तळं उपसायला लावलं ओ बाई." मी म्हटलं, "तुम्ही नाही लावलंत. तुम्ही एक वाक्य बोललात." ते म्हणाले, "तेच."

माती आली, पाटीपाटीने. सगळी नाही आली. उघड्या जांभ्यावर ती टाकून, पाणी शिंपडून, म्हशी घालून तुडवली. सोनाबाईच्या म्हशी सगळ्यांत पुढे. माणसंही उतरली. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या चिखलात फेऱ्या मारत होते. त्यांच्या पायांखाली कुठला थर कुठे गेला, कुठले पराग कुठे मिसळले, ते देवच जाणे. जी जागा त्यांनी एवढी वर्षं जपली होती, ती ते स्वतःच्या पायांनी कालवत होते. मला रडू आवरेना, तर उलट मलाच म्हणाले, "वाचायला काही उरलं नाही आता. पिण्यापुरतं उरू दे."

पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं. वाडीने साखर वाटली. सरांनी काठाच्या दगडावर पाण्याची खूण केली. दिवाळीला पाणी निम्म्यावर आलं. संक्रांतीला चिखल उरला आणि महाशिवरात्रीला त्याला भेगा पडल्या. जिथं पूर्वी कुणी दारसुद्धा लावत नसे, ती वाडी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली. आणि टँकर तरी कुठला, अर्ध्या वाटेवर येणार, तिथून हंडे. माणसांचं कसंबसं भागायचं, म्हशींचं काय?

सर बदलले. भाषणं बंद केली. कुठून बोलावणं आलं तर म्हणायचे, "तळं दाखवा आधी, मग बोलतो." आणि तेवढा वेळ कुणाला नसायचा. झोळाईच्या तळ्यावरचा लेख मात्र त्यांनी पुरा केला. त्यात थरांचं वर्णन खालून वर येतं. सगळ्यात वरच्या, कालवलेल्या थरापुढे त्यांनी लिहिलं होतं, हा थर मानवी हस्तक्षेपाने विस्कटला, कारण प्रस्तुत लेखकाने जाहीर सभेत दिलेला चुकीचा सल्ला. नियतकालिकाच्या संपादकांनी कळवलं की हे वाक्य शास्त्रीय लेखात बसत नाही, तेवढं काढा. मी सरांशी आयुष्यात पहिल्यांदा कडकडून भांडले. म्हटलं, "काढा की ते! कुणाला पडलंय? इतक्या वर्षांचं काम आहे, माझेही डोळे गेलेत त्यात!" त्यांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं. "बाई, प्रत्येक थराचं कारण लिहिलंय आपण. जंगल जाळणाऱ्याचं लिहिलं, दुष्काळाचं लिहिलं. माझ्याच थराला कारण नाही म्हणून कसं चालेल?" लेख छापला गेला नाही. माझ्याकडे आहे, कुणाला हवा असेल तर.

त्यांना छळत होतं ते वेगळंच, आणि ते मला फार उशिरा कळलं. जो भेटेल तो त्यांना माफ करत होता. बाजीराव महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीला यायचा, नाचणीचं पीठ घेऊन, आणि पाया पडायचा. प्राचार्य म्हणायचे, लोक अर्धवट ऐकतात. वहिनी म्हणायच्या, तुम्ही का जिवाला लावून घेताय? मीही तेच म्हणत होते. ते ऐकून घ्यायचे. चहासुद्धा विचारायचे नाहीत.

तळं उपसल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही दोघं पुन्हा वर गेलो. सोनाबाईच्या दारात टेम्पोत भरायचं सामान होतं. टेम्पो खाली वाटेवर उभा होता. कणगी, भांडी, घोंगड्या, आणि गोठा रिकामा. म्हशी तिने पहिल्याच दिवाळीत विकल्या होत्या. मुलगा साताऱ्याला खोली घेऊन राहत होता, त्याच्याकडे निघाली होती. वाडीतलं कुलूप लागणारं ते पहिलं घर. सर तिच्यापुढे उभे राहिले. हात जोडले आणि खाली बघत राहिले.

मीच आपली मधे पडले. म्हटलं, "सोनाबाई, सरांना फार वाईट वाटतंय. तुमचा राग नाही ना त्यांच्यावर?"

ती हातातलं बोचकं खाली ठेवून ताठ उभी राहिली. "हाय की! राग न्हाई कसा? लय राग हाय." सरांकडे वळून म्हणाली, "आवं, माज्या सासूनं, तिच्या सासूनं ह्या तळ्यावर म्हसरं पाळली. आमास्नी कुनी शिकीवलं न्हाई, पर आमी कवा त्याच्या पोटाला हात लावला न्हवता. तुमच्या शब्दावर लावला. बाकीची म्हन्त्यात सरांचा काय दोष. म्या न्हाई म्हननार. तुमचाबी दोष हाय. मरस्तवर माजा राग जायाचा न्हाई, सांगून ठिवते." मग थोडी थांबली. आवाज खाली आला. "पर येक हाय. ही समदी म्हनत बसली, पाऊस झाला की हुईल बरुबर. तुमी तेवडं खरं सांगितलं. म्हनून म्या म्हसरं धडधाकट हुती तवा इकली. त्या खालच्या आळीची डोळ्यांदेखत मेली."

सरांनी वाकून तिचं बोचकं उचललं. ती नको नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. खांद्यावर घेऊन टेम्पोपर्यंतची ती सगळी उतरण ते तिच्या मागोमाग चालत गेले, आणि ती सबंध वाटभर त्यांना बोलत होती. तळ्याचं, सासूचं, एकेका म्हशीचं नाव घेऊन. सर "व्हय," "व्हय," म्हणत होते. परत येताना गाडीत, कऱ्हाड मागे पडल्यावर म्हणाले, "बाई, रागावली ओ ती." मला वाटलं आता रडतात की काय. तर म्हणाले, "बरं वाटलं." आणि वाटेत गाडी थांबवून त्यांनी मला चहा पाजला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर ते साताऱ्याला तिच्या मुलाच्या खोलीवर जाऊ लागले. मी विचारलं, काय बोलता तिथं? "मी कशाला बोलायलोय? ती बोलतीय," म्हणायचे. ती त्यांना नेमाने रागवायची, मग सूनबाई चहा करायची, सर तो घेऊन सांगलीला परत यायचे, मावळायच्या आत जेवायला. त्यांची तब्येतही जरा सुधारली होती, पुन्हा फ्रिजमधले दांडे काढून बसायला लागले होते.

सर गेले ते अचानक, एका सकाळी, अंघोळीला पाणी काढता काढता. वहिनींनी मला फोन केला. अंत्यविधी आटोपल्यावर संध्याकाळी मी साताऱ्याला त्या मुलाचा नंबर लावला. त्याने फोन आईकडे दिला. मी सांगितलं.

मग सोनाबाईचा आवाज आला, अगदी लहान.

"बाई, माजा राग तर अजून हाय तसाच हाय गं. आता त्यो कुनावर करू?"